येडूरचं घर लावताना

गेल्या काही वर्षांत मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत एक विषय हमखास निघतो. कुणाचे तरी आई-बाबा निवृत्तीनंतर गावाकडे राहायला निघालेले असतात, नाहीतर कुणी गावच्या घराची डागडुजी करून वर्षातले चार-सहा महिने तिथं काढायचं ठरवलेलं असतं. मग छपराची कौलं, विजेचं मीटर, इंटरनेट, जवळचा दवाखाना अशी सगळी चौकशी होते. सामान कसं न्यायचं हा प्रश्न मात्र 'त्यात काय, पॅकर्सना फोन लावायचा' एवढ्यावर संपतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आई-बाबांनी बंगळूरचा फ्लॅट सोडला आणि चिकोडी तालुक्यातल्या येडूरला, पणजोबांनी बांधलेल्या घरात बिऱ्हाड हलवलं. त्या हलवाहलवीची बरीचशी जबाबदारी माझ्याकडे होती. तेव्हा जे पाहिलं आणि शिकले ते इथं लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी तिशी-पस्तिशीतल्या अनेकांवर आज ना उद्या हे काम येणार आहे. फ्लॅटमधून फ्लॅटमध्ये जाणं वेगळं आणि जुन्या गावातल्या जुन्या घरात जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात खरा आधार असतो तो गावातल्या हमालांच्या टोळीचा.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुणे-बंगळूर महामार्ग सोडून चिकोडीत शिरलं की पाट्या कन्नडमध्ये असतात आणि दुकानात मराठी नि कन्नड दोन्ही चालतं. एकाच वाक्यात दोन्ही चालतं म्हटलं तरी हरकत नाही. चिकोडीच्या पुढं नदीकाठाची काळी जमीन आणि ऊस सुरू होतो. येडूर कृष्णेच्या काठावर आहे. वीरभद्राच्या देवळामुळं ते कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडच्या भाविकांना ठाऊक आहे. कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णेवर कल्लोळ-येडूर असा बंधारा-पूल आहे. पाऊस लागला की तो पाण्याखाली जातो आणि मग अंकली-मांजरीकडून वळसा पडतो. बेळगावच्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर 'राजापूर बंधाऱ्यातून इतके क्युसेक, दूधगंगेतून इतके' असे आकडे छापून येतात. शहरात लोक शेअर बाजाराचे आकडे वाचतात तसे आमच्याकडे हे आकडे वाचतात.

अशा गावातलं जुनं घर कशासाठी बांधलेलं असतं हे सामान आत न्यायची वेळ आली की कळतं. आमचं घर पाच खणी आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, पुढं सोपा, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि न्हाणी, मागं परडं, वर अर्ध्या भागावर माडी. पुढचं दार इतकं बुटकं की बाबा अजूनही वाकून आत जातात. चौकट सागवानी आणि वरची तुळई तिच्यावरच टेकलेली, त्यामुळं 'चौकट काढून सामान आत घेऊ' हा पर्याय नाही. बोळ अशी की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. पणजोबांनी घर बांधलं तेव्हा दारातून जाणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे लाकडी पेटी असावी. पलंग आतच सुताराकडून करून घेतलेला आहे, हे नंतर लक्षात आलं.

आणि आमच्याकडं काय होतं? तीस वर्षांचा शहरी संसार. तीन माणसांचा सोफा, दोन दारी फ्रिज, वॉशिंग मशीन, आईचं लग्नानंतर घेतलेलं गोदरेजचं लोखंडी कपाट आणि बाबांची पुस्तकं. पुस्तकांचं वजन कुणी धरत नाही, पण ती सगळ्यात जड असतात.

बंगळूरमध्ये मी तीन कंपन्यांकडून दर मागवले. तिघांचेही लोक घरी येऊन सामान बघून गेले, टॅबवर यादी केली आणि कागदावर 'दारापर्यंत' असं लिहून दिलं. त्यांना मी बोळाचा फोटो दाखवला. एकाने स्वच्छ सांगितलं, "मॅडम, आमची १९ फुटी गाडी या गल्लीत येणार नाही. गाडी थांबेल तिथून पुढं हातानं न्यायचे पैसे वेगळे." हा माणूस मला प्रामाणिक वाटला. बाकी दोघं 'बघू, होऊन जाईल' म्हणाले. अशा ठिकाणी 'होऊन जाईल' याचा अर्थ प्रत्यक्ष दिवशी पैशांचा फोन येईल असा असतो. आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाला असा अनुभव आला होता. सामान गाडीत, गाडी रस्त्यात आणि वाढीव रक्कम भरल्याशिवाय उतरवायला नकार. म्हणून आम्ही स्पष्ट बोलणाऱ्या माणसाबरोबर करार केला, आणि तोही अर्ध्या कामाचा. बांधाबांध करणं, गाडीत भरणं आणि येडूरच्या वेशीजवळच्या मोकळ्या जागेत उतरवणं एवढंच काम त्यांचं. तिथून पुढचं काम गावातल्या टोळीचं. दोन्ही गोष्टी लेखी घेतल्या.

ही टोळी कुठं मिळते? तिची ना वेबसाइट असते ना पाटी. गावात सिमेंट, खत नाहीतर पेंड विकणारं दुकान शोधायचं. तिथं गाडी रिकामी करायला जे लोक येतात तेच हे. बाबांनी खताच्या दुकानात फोन केला, दुकानदाराने मुकादमांचा नंबर दिला. मुकादम साठीच्या आसपासचे. तरुणपणी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ओझी वाहिलेले, नंतर गावातच टोळी धरलेली. आम्ही त्यांना मामा म्हणायला लागलो, कारण अख्खा गाव त्यांना मामाच म्हणतो.

बाबांनी फोनवर विचारलं, "मामा, किती घ्याल?" तिकडून उत्तर आलं, "दार बघितल्याबिगर दर कसा सांगू, अण्णा? आणि सामान काय काय हाय?" कंपन्यांनी सामान बघितलं होतं, पण पोहोचायचं घर एकानेही बघितलं नव्हतं. मामांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन घर बघितलं. किल्ली शेजारी होती. घरात शिरून त्यांनी सुतळीनं दार मोजलं, जिन्याचं वळण मोजलं आणि सुतळीला गाठी मारून ठेवल्या. मग व्हिडिओ कॉलवर एकेका वस्तूची लांबी-रुंदी मला विचारली. मी इंच सांगायचे, ते टीचभर सुतळी पुढं सरकवायचे. सोफा जाणार नाही हे त्यांनी तिथंच सांगितलं. पाय आणि पाठ सुटणार असेल तरच आणा, नाहीतर तिकडंच द्या कुणाला. आम्ही सोफा बंगळूरमध्येच दिला. तो तसाच पाचशेहून जास्त किलोमीटर नेऊन सोप्याबाहेर पावसात ठेवावा लागला नाही, हे त्या सुतळीमुळं.

तारीखही त्यांनीच ठरवली. आम्ही जानेवारी म्हणत होतो. मामा म्हणाले, ऊसतोड चालू आहे, ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेवर आहेत, माणसंही मिळायची नाहीत. एप्रिलमध्ये या. गळीत हंगाम संपलेला असतो, हात मोकळे असतात आणि वळवाचा पाऊस यायच्या आत घर लावून होतं. मे संपत आला की मग घाई होते, कारण जूनपासून नदीचा भरवसा नाही. तुमचं गाव उसाचं नसेल तर तिथला हंगाम वेगळा असेल. कुठं भाताची लावणी, कुठं आंबा, कुठं जत्रा. पण तारीख गावाला विचारून ठरवावी हे सगळीकडं खरं.

दर कसा ठरतो हेही सांगते. दोन पद्धती आहेत. एक म्हणजे माणशी दिवसाचा पगार आणि दुसरी म्हणजे उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची मिळून एक रक्कम. उक्त्यात काम लवकर संपतं, पण घाईत वस्तू आपटतात. पगारात काम सावकाश होतं, पण नीट होतं. मामांनी स्वतःच सुचवलं की जड सामान उक्त्यात घ्या आणि भांडी, काच, पुस्तकं, देवघर यांच्यासाठी दोन माणसं पगारावर ठेवा. गाडी थांबते तिथून घरापर्यंत दोन छोटे हत्ती लागतील, त्यांचं भाडं खेपेवर. माडीवर न्यायच्या वस्तूंचा दर वेगळा. दुपारचं जेवण आपल्याकडं. हे सगळं बाबांनी वहीत लिहिलं आणि मामांना वाचून दाखवलं. आईचं एकच सांगणं होतं, "एकदा हो म्हटल्यावर पुन्हा घासाघीस नको. आपल्याला तिथं राहायचंय." मला तेव्हा ते आईचं नेहमीचं भिडस्त बोलणं वाटलं. आता ते व्यवहाराचं वाटतं. शहरातल्या कंपनीशी आपला संबंध एका दिवसाचा असतो. गावातल्या टोळीतली माणसं दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात, दवाखान्यात, देवळात भेटणार असतात.

प्रवासाबद्दल काही कामाच्या गोष्टी. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, पण सामानाची सही केलेली यादी आणि दोन्ही पत्ते लिहिलेलं पत्र ड्रायव्हरजवळ असावं. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची गाडी निपाणीजवळ कोगनोळीला राज्याची हद्द ओलांडते. तिथं विचारणा झाली तर हा कागद उपयोगी पडतो. सीमाप्रश्न तापलेला असेल तर दोन-चार दिवस थांबावं. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. गॅसचा सिलिंडर बरोबर नेऊ नये. कनेक्शन जमा करून कागद घ्यावेत आणि नव्या गावच्या एजन्सीत दाखवावेत. फ्रिज उभाच न्यावा. आडवा झाला असेल तर काही तास उभा ठेवून मग चालू करावा, कारण आडवेपणात कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये शिरलेलं असतं. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम बांधायचे बोल्ट येतात, ते लावूनच हलवावं. आणि पुस्तकांचे खोके लहान घ्यावेत. मोठा खोका भरला की तो उचलणाऱ्याची कंबर जाते.

एप्रिलमधल्या एका सकाळी गाडी येडूरच्या वेशीजवळ आली. कंपनीच्या ऑफिसातून 'दारापर्यंत'च्या फरकाचा फोन आलाच, पण आमच्याकडं कागद होता, त्यामुळं विषय तिथंच मिटला. मामा सहा माणसं घेऊन उभे होते. प्रत्येकाच्या खांद्यावर पोतं, डोक्यावर चुंबळ, कमरेला दोरी. सगळ्यात तरुण मुलगा विशीतला, चिकोडीच्या कॉलेजात शिकणारा, सुट्टीत कामाला येणारा. त्याचे वडीलही टोळीत होते.

यांचं काम बघण्यासारखं होतं. आधी रिकामी बोळ एकदा चालून आले. वाटेतल्या दोन मोटरसायकली, एक बाज आणि बांधलेलं वासरू बाजूला करवलं. मग जड वस्तू आधी, नाजूक नंतर. आपण उलटं करतो, कारण आपल्याला काचेची काळजी जास्त असते. पण जड वस्तू नेताना घर रिकामं असायला हवं. फ्रिज दोघांनी वाशाला दोरीनं टांगून कावडीसारखा नेला. पुढच्याची उंची कमी, म्हणून चढावर तो पुढं आणि उतारावर मागं. हुकूम दोन भाषांत. 'हिडी' म्हणजे धर, 'बिडू' म्हणजे सोड, आणि 'सावकाश' म्हणजे सावकाशच. आमच्या भागातल्या कन्नडमध्येही हाच शब्द आहे. बंगळूरमध्ये 'निधान' ऐकायची सवय झालेल्या मला तो शब्द कन्नड वाक्यात ऐकून मजा वाटली.

मग कपाटाची पाळी आली. आईचं कपाट. शेल्फ काढून, दारं बांधून सुद्धा वजन शंभर किलोंच्या आसपास. सुतळीची गाठ आधीच सांगत होती की ते पुढच्या दारातून जाणार नाही. आडवं केलं तर सोप्यातल्या खांबाला अडतं, उभं केलं तर चौकटीला. मामा म्हणाले, "म्होरनं न्हाई जायचं. परड्यातनं न्यायला लागतंय. तुमच्या आज्ज्याच्या वक्ताला धान्याची गाडी तिकडनंच आत यायची."

परड्याला मोठं दार आहे हे बाबांना माहीत होतं. पण त्या दारापर्यंत पोहोचायची वाट चुलतकाकांच्या परड्यातून जाते. बाबा आणि काका यांच्यात गेली अनेक वर्षं फार बोलणं नव्हतं. कारण तुमच्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटेल. वळचणीचं पाणी कुणाच्या हद्दीत पडतं यावरून वाद. कोर्टकचेरी नाही, भांडण नाही, नुसतं बोलणं कमी होत गेलेलं. लग्नकार्यात समोर आलं की 'बरं आहे का' एवढंच. बाबा परड्याच्या भिंतीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "राहू दे मामा, कपाट सोप्यातच ठेवू." सोप्यात कपाट म्हणजे आल्या-गेल्याच्या डोळ्यांसमोर आईच्या साड्या. आई काही बोलली नाही, पण तिला ते नको होतं हे दिसत होतं.

मामा बाबांना म्हणाले, "तुम्ही नगा इचारू. मी जातो."

पाच मिनिटांनी काका परड्यात आले. काही बोलले नाहीत. वाटेत रचलेल्या कडब्याच्या पेंढ्या त्यांनी स्वतः उचलून बाजूला लावायला सुरुवात केली. मग बाबाही गेले आणि दोघांनी मिळून पेंढ्या हलवल्या. चौघांनी कपाट आडवं धरलं, खाली तीन गोल ओंडके टाकले, मागचा ओंडका मोकळा झाला की तो मुलगा उचलून पुढं आणून टाकायचा. परड्यातून, मोठ्या दारातून, स्वयंपाकघराच्या मागून कपाट थेट माजघरात गेलं. दुपारी काकूंनी सगळ्यांसाठी ताक पाठवलं, टोळीसाठी आणि आमच्यासाठीही. वळचणीचा प्रश्न त्या दिवशी सुटला असं मी म्हणणार नाही. तो पुढच्या वर्षी दोघांनी मिळून पन्हाळ बसवल्यावर सुटला. पण पन्हाळीची गोष्ट निघू शकली ती त्या दिवसानंतर. बंगळूरच्या कंपनीला ही वाट माहीत असण्याचं कारण नव्हतं. माहीत असती तरी ती मागणार कोण? मामा दोन्ही घरांत तितकेच ये-जा करणारे होते, म्हणून ते विचारू शकले आणि त्यात कुणाचाच कमीपणा झाला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सामान आत आल्यावर ते कुठं ठेवायचं याचा नकाशा मी फोनवर काढून आणला होता. मामांनी तो बघितला आणि माजघराच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर हात ठेवला. "एकोणीस सालात पाणी हितवर." ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर कोल्हापूर-सांगलीच्या बातम्यांमुळं सगळ्यांना आठवतो. तोच पूर पुढं आमच्या काठावरून गेला. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आल्यानं महामार्गही बंद पडला होता. २००५ मध्ये पूर आला होता आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा. त्या तिन्ही वेळी आमच्या गल्लीतली घरं रिकामी करायचं काम याच टोळीनं केलं होतं. तेव्हा आमचं घर बंद होतं, म्हणून आम्हाला त्याची नीट कल्पना नव्हती.

मग त्यांनी नकाशा बदलला. घराची कागदपत्रं, औषधं, देव आणि बाबांची निवडक पुस्तकं माडीवर. इन्व्हर्टरची बॅटरी खाली नको, कट्ट्यावर. वॉशिंग मशीन न्हाणीत पण विटांच्या ओट्यावर. धान्याचे डबे जिन्याजवळ, म्हणजे वर न्यायला सोपे. कपाटात खालच्या खणात फक्त धुता येणाऱ्या गोष्टी. जे सामान रोज लागत नाही ते पहिल्या दिवसापासून वरच. मी पैसे घर भरायचे देत होते, आणि मामा घर लावताना ते रिकामं कसं करायचं याचा विचार करत होते. नदीकाठच्या गावात ही दोन्ही कामं एकाच हातांची असतात. कोकणात नाहीतर घाटात तुमचं घर असेल तर तिथं पुराऐवजी दरड असेल, वाळवी असेल, भिंतींना पाझर असेल. पण घराची ही बाजू माहीत असलेली माणसं तिथंही असणारच.

पैशांबद्दल एक गोष्ट तरुण वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. एक कपाट उचलायला चार माणसं कशाला, असा हिशेब आपल्या मनात येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. आपल्याकडं मामांच्या पिढीनं त्याच्या जवळपास दुप्पट वजनाची पोती पाठीवर घेतली. त्यांचा एक गुडघा आता वाकत नाही. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यामुळं १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला, मंडळं आली, मजुरीबरोबर भविष्य निर्वाह निधी आणि रजेचा पैसा मिळायची सोय झाली. पण एखाद्या खेड्यात घरगुती सामान उचलणारी टोळी आणि आपण यांच्यामध्ये असं कुठलंही मंडळ नसतं. तिथं नियम म्हणजे आपण जसे वागू तसे. म्हणून चार माणसं सांगितली तर चारच माणसं. भर दुपारी दोन तास सुट्टी. पिण्याचं पाणी आणि सावली आपण बघायची. कुणाला लागलं तर दवाखान्याचा खर्च आपला, हे आधीच बोलून घ्यायचं. पैसे संध्याकाळीच, मुकादमाच्या हातात पण सगळ्यांच्या समोर. त्या कॉलेजातल्या मुलाला बाबांनी वेगळे काही द्यायला हात पुढं केला तेव्हा तो म्हणाला, "मामांकडंच द्या, समान वाटा असतोय." ही त्यांची शिस्त आहे, ती मोडू नये.

पहिल्याच पावसाळ्यात कल्लोळ-येडूरचा पूल पाण्याखाली गेला. मी बंगळूरमध्ये रोज कोयनेचे आणि राजापूरचे आकडे बघत बसले होते. गावात पाणी आलं नाही. पण ज्या संध्याकाळी नदी वाढायला लागली त्या संध्याकाळी आईचा फोन आला तो शांत आवाजात. "मामा आणि तो मुलगा येऊन गेले. धान्य आणि बॅटरी वर नेऊन ठेवलीय. रात्री पाणी वाढलं तर ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणालेत. तू झोप." आई-बाबांनी त्यांना बोलावलं नव्हतं. त्या रात्री मी खरंच झोपले.

म्हणून, ज्यांच्या घरी गावाकडं जायचं चाललं आहे त्यांना एवढंच सांगेन. गाडी शहरातून ठरवा, पण हात गावातले घ्या. दोघांचं काम कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं ते लिहून घ्या. दर विचारायच्या आधी मुकादमांना घर दाखवा आणि त्यांनी नाही म्हटलेली वस्तू बरोबर नेऊ नका. तारीख गावाच्या हंगामावर ठरवा. सामान कुठं ठेवायचं हे त्यांना विचारा, आणि विचारल्यावर ऐका. तुमच्या आई-बाबांच्या फोनमध्ये तुमचा नंबर पहिला असेलच. दुसरा मुकादमांचा असू दे. तुम्ही बंगळूर, पुणे नाहीतर न्यू जर्सीत असाल, ते त्याच गल्लीत असतात.